आभाळ हललं त्या सकाळची फवारणी

मला राग लवकर येतो आणि आला की लपवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माहेरी मला फोडणीतली मोहरी म्हणायचे. लग्न होऊन वडगाव निंबाळकरला निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, सासरी तोंडात मिठाची गुळणी धरून राहा. ती गुळणी मी जेमतेम दोन महिने धरली. गेली वीस वर्षं आमच्या वस्तीवर सगळ्यांना सकाळी सकाळीच कळतं, की आज हिचं काहीतरी बिनसलंय. त्यामुळं खाली जे सांगणार आहे त्यात मी शेवटी शहाण्यासारखी वागले असं कुणाला वाटलं, तर त्याचं श्रेय मला देऊ नका. ते माझ्या सासऱ्यांचं आहे, आणि त्या दिवशी ते जिथं जाऊन बसले त्या जागेचं.

गोष्ट ड्रोनची आहे. आमच्या बचत गटाला एका योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला. गट दहा बायकांचा. उडवायला शिकायला कुणी जायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नऊ जणींनी आधी एकमेकींकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हिला पाठवा, ही कुणाला भीत न्हाय," असं एकीनं कारण दिलं, आणि तेवढ्यावर माझी निवड झाली. पंधरा दिवस बाहेरगावी राहून मी शिकले. परीक्षा दिली, पास झाले, फोटोवालं लायसन मिळालं. त्या फोटोत मी चिडलेली दिसते. फोटोवाल्यानं तीनदा मान वाकडी करायला लावली होती.

परत आले तोवर गावात एक वेगळंच घाटत होतं. माझे एक चुलत दीर आहेत. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ऊस भरायची ट्रॉली, सगळं त्यांच्या दारात. माणूस वाईट नाही, पण चाक असलेली किंवा पंखा असलेली कुठलीही वस्तू आपल्याच हातात शोभते असं त्यांना मनापासून वाटतं. ते गटातल्या एकेकीच्या घरी जाऊन सांगायला लागले, "नाव गटाचंच ऱ्हाऊ द्या. उडवायचं काम माझ्याकडं द्या. मशीनचं काम हाय, बायकांनी कशाला उन्हातान्हात हिंडायचं." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी ते त्यांच्या तोंडावर म्हणालेही, आणि त्यामुळं प्रकरण आणखी चिघळलं.

शेवटी असं ठरलं, की शनिवारी सकाळी आमच्याच उसावर सगळ्यांसमोर पहिली फवारणी करायची आणि रविवारी गटाची बैठक घ्यायची. फवारणी नीट झाली तर ड्रोन माझ्या हातात राहणार. फसली तर भाऊजींच्या. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण दूध संकलन केंद्रापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं. माझे तर त्या आठवड्यात जेवताना हातसुद्धा रिमोट धरल्यासारखे डावीउजवीकडं हलायचे.

आमच्या उसाला लागून भाऊजींचं रान आहे, आणि त्या रानात बांधाच्या कडेला वीस गुंठे टोमॅटो होते. ते टोमॅटो भाऊजींचे नव्हते. ते माझ्या जाऊबाईंचे, म्हणजे भाऊजींच्या बायकोचे. रोपं तिनं निवडली, बांबू तिनं रोवले, तार तिनं ओढली, सुतळीनं एकेक झाड तिनं बांधलं. वयानं ती माझ्याहून धाकटी, गटाची सचिव, अक्षर मोत्यासारखं, आणि नवऱ्यासमोर तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मला उसात तणनाशक मारायचं होतं. उसाला ते काही करत नाही, पण टोमॅटोला त्याचा वारा जरी लागला तरी शेंडे पिळवटतात आणि झाड कामातून जातं. म्हणून बांधाकडच्या चार सऱ्या सोडून द्यायच्या, त्या आबा, म्हणजे माझे सासरे, पाठीवरच्या पंपानं मारतील, असं ठरवूनच मी हद्द मोजली होती. जाऊबाईंना मी म्हणाले होते, "तुझ्या एका पानाला धक्का लागायचा नाही." ती नुसती "बरं ताई" म्हणाली होती.

शनिवारी उजाडल्या उजाडल्या पन्नासेक माणसं बांधावर जमली. उन्हाळ्याचे दिवस, वारा पडलेला, फवारणीला याहून चांगली सकाळ मिळाली नसती. गटाच्या बायकांनी ड्रोनची पूजा मांडली. आमच्याकडं नवीन बैलापासून नवीन टँकरपर्यंत कशालाही हळदीकुंकू लावल्याशिवाय कामाला जुंपत नाहीत. नारळ फुटला, सहाही पंख्यांना कुंकवाची बोटं लागली, आणि एका हौशी सभासदबाईंनी पुढच्या बाजूला लिंबू-मिरची टांगली. सगळ्या खूश होत्या. मीसुद्धा खूश होते.

ड्रोन चालू केला आणि रिमोटच्या पडद्याकडं पाहिलं. एरवी मिनिटाभरात उपग्रह सापडतात, मोबाईलच्या नेटवरून दूरच्या एका केंद्राकडून जागेच्या चुकीची दुरुस्ती येते, आणि मग ड्रोनला आपण कुठं आहोत हे तळहाताएवढ्या फरकानं कळतं. तसं कळलं की पडद्यावर हिरवी खूण येते. त्या दिवशी खूण येईना. आली की जाई. त्याहून विचित्र म्हणजे ड्रोन माझ्यासमोर चटईवर ढिम्म बसलेला, आणि पडद्यावरच्या नकाशात मात्र तो हळूहळू आबांच्या विहिरीकडं चाललेला. थोडा वेळ तिकडं थांबला, मग परत फिरून रस्त्याच्या अंगाला निघाला. मी एकदा पडद्याकडं बघे, एकदा चटईकडं.

पन्नास माणसं जमल्यावर पन्नास कारणं निघणारच. एक म्हणाले, विजेच्या तारा आडव्या येत्यात. दुसऱ्यांनी कारखान्याच्या चिमणीकडं बोट केलं, ती तर कितीतरी कोसांवर. एका आजीबाईंचं मत पडलं की नारळाचं पाणी आत गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लिंबू-मिरची लोखंडी तारेत ओवली आहे, आणि ड्रोनमध्ये होकायंत्र असतं हे मीच ट्रेनिंगहून आल्यावर सगळ्यांना पढवलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्या हौशी बाईंकडं वळल्या. त्या बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की त्यांनी आधी ड्रोनच्या पाया पडून घेतलं, मग लिंबू-मिरची सोडली. उपग्रहाचा निरोप झेलणारी जी वरची टोपी असते तिच्यावर कुंकवाचं बोट होतं, तेही पदरानं पुसलं. पडद्यावरचा ड्रोन विहिरीकडं चालतच राहिला.

होकायंत्र बिघडलं असेल तर ते सुधारायची रीत मला शिकवली होती. ड्रोन उचलायचा, आडवा धरून सगळीकडून गोल फिरवायचा, मग नाक खाली करून पुन्हा फिरवायचा. टाकी काढली तरी यंत्र वीस किलोंच्या पुढं. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं त्या हौशी बाईंनी, आणि आम्ही फिरायला लागलो. दोघींच्या मधे ड्रोन, पाय मातीत रोवलेले, पदर खोचलेले. दुसऱ्या फेऱ्याला मागच्या एका बाईंनी फुगडीचं गाणं सुरू केलं, आणि मग सगळ्याच बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मला हसू आवरेना. रागावलेल्या माणसाला हसू आलं की ते फार जोरात येतं, तसं झालं, आणि ड्रोन हातातून सुटायची वेळ आली. यंत्रानं होकायंत्र ठीक आहे असं इंग्रजीत जाहीर केलं. हिरवी खूण तरीही आली नाही.

आता ऊन चढायला लागलं होतं. भाऊजी हात मागं बांधून उभे होते आणि त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "काय वैनी, हुतंय का?"

मी म्हणाले, "यंत्र ठीक आहे भाऊजी. वरनंच काहीतरी चुकतंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले, आणि सगळा बांध हसला.

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. हिरवी खूण नसली तरी ड्रोन उडू शकतो. फक्त नेम थोडा ढिला राहतो, आणि यंत्र तेवढी ताकीद देऊन परवानगी देतं. माझ्या मनानं घेतलं की सोडलेल्या चार सऱ्या आहेतच, फरक पडला तर तेवढ्यात जिरेल. मी भरलेली बॅटरी चढवली, टाकी बसवली आणि तणनाशकाचा कॅन आणायला वळले.

कॅनवर आबा बसले होते.

माझे सासरे सत्तरी ओलांडलेले, बोलायला कमी, आणि हट्टाला भारी. त्यांच्या हयातीत त्यांनी पितळी पंप वापरला, प्लास्टिकचा पंप वापरला, पेट्रोलचा वापरला, आणि प्रत्येक वेळी त्यांचा एकच नेम होता. पंप नवा असो की दुरुस्त करून आणलेला, पहिली टाकी साध्या पाण्याची. पाणी मारायचं, कुठवर ओलं झालं ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच औषधाला हात लावायचा. आदल्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, "आबा, ह्याच्यात कॉम्प्युटर आहे." आता ते कॅनवर मांडी ठोकून बसले होते आणि उसाकडं बघत होते.

"आबा, उठा. उशीर होतोय."

"पहिली टाकी पाण्याची."

"एक बॅटरी वाया जाईल. माणसं थांबलीत."

"थांबू द्या."

सासऱ्यांना कॅनवरून ढकलता येत नाही. मी दात ओठ खात पाटातलं पाणी गाळून टाकीत भरलं, आणि राग सगळा त्या बादलीवर काढला. बादलीची कडी आजही वाकडी आहे.

ड्रोन उडाला. पंख्यांचा आवाज घुमला, उसाचा पाला लाटेसारखा झोपत गेला. पहिली ओळ छान गेली, दुसरीही. मान ताठ करून मी भाऊजींकडं बघून घेतलं. मग ड्रोन बांधाकडच्या शेवटच्या ओळीला आला. तो आमच्या सोडलेल्या चार सऱ्यांवरून सरळ पुढं गेला, बांध ओलांडला, आणि टोमॅटोच्या पहिल्या वळीवरून पाणी मारत निवांत पार टोकापर्यंत गेला. पडद्यावर तो हद्दीच्या आत होता. पडद्याच्या मते सगळं अगदी चोख चाललं होतं.

मी त्याला परत बोलावलं. तो चटई सोडून पाटाच्या चिखलात उतरला.

कोरड्या मातीवर ओला पट्टा असा स्पष्ट दिसत होता की सांगायची गरज नव्हती. जाऊबाई माणसांमधून पुढं आल्या. पहिल्या वळीतलं एक ओलं पान त्यांनी दोन बोटांत धरलं, बोटांचा वास घेतला. मग दुसरं झाड, मग तिसरं. वळीच्या टोकापर्यंत त्या तसंच करत गेल्या. परत येऊन त्यांनी एकदा कॅनवर बसलेल्या आबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि घराकडं निघाल्या. त्या टाकीत मी काय भरणार होते हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

भाऊजी पुढं झाले. "द्या हिकडं वैनी. जीपीएस बंद करतो आन् हातानं उडवतो. मी बघितलंय मोबाईलवर. कॅन आणा."

खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, द्यावा. चुकू दे त्यांच्या हातून, म्हणजे तोंड बंद होईल. पण ते टोमॅटो तिचे होते.

"आज फवारणी होणार नाही," मी म्हणाले.

"मंग कधी?"

"माहीत नाही."

यावर जे हसू पिकलं ते फार दिवस पुरलं. कुणी म्हणालं, ड्रोनला सुट्टी दिली. कुणी म्हणालं, शनिवार हाय, उपास असंल. मी दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि जुळी पोरं घ्यावीत तशा दोन्ही कडेवर घेऊन घरी चालत आले. बॅटऱ्या नाहीत तर हातानं काय आणि पायानं काय, कुणालाच उडवता येणार नव्हता. घरी येऊन मी चुलीपुढं बसून पोटभर रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि मी तो कॅन ओतणार होते म्हणूनही रडले. आबांनी बाहेरून विचारलं, "च्या टाकतीस का मी टाकू?" तेव्हा उठले.

दुपारी वालचंदनगरला मामांना फोन लावला. मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. मीटर आणि यंत्रं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर माणूस रेडिओत शिरला. हौशी रेडिओचं लायसन आहे, गच्चीवर तारांचं जाळं आहे, आणि रोज लांबच्या देशांतल्या आपल्यासारख्याच म्हाताऱ्यांशी ते बोलत असतात. मामी म्हणते, शेजारच्याशी बोलत नाहीत पण जपानचं हवामान विचारतात.

मी हुंदके देत सगळं सांगितलं. चटईवरचा ड्रोन विहिरीकडं चालला होता इथपर्यंत आले, तर मामा पलीकडं हसायला लागले.

"मामा, माझं सगळं पाण्यात गेलं आणि तुम्ही हसताय."

"अगं, कालच्या सांजंपासनं माझा रेडिओ मुका झालाय. एक स्टेशन लागंना. मला वाटलं, तार तुटली, म्हणून सकाळी ह्या वयात गच्चीवर चढलो. तार धडधाकट. मंग बघितलं तर सूर्यावरनं वादळ आलंय. लई झकास वादळ हाय. लडाखला आभाळ लाल झालंय म्हणं, फोटो पाठवतो."

मग त्यांनी मला समजावलं, आणि शाळेत मामांसारखे मास्तर असते तर मी आज कुठल्या कुठं असते. ते म्हणाले, आपल्या डोक्यावर दोनशे-तीनशे किलोमीटरच्याही वर विजेनं भारलेल्या हवेचा थर असतो. उन्हानंच तो तयार होतो. त्याला आयनांबर म्हणतात. पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबक, आणि त्या चुंबकाची मधली रेघ आपल्या देशाच्या पार दक्षिण टोकावरून जाते.

"तुमच्याकडं तुषार सिंचन हाय न्हवं? नोझलमधनं पाणी वर उडतं, ते नोझलवरच पडतं का?"

"नाही, लांब पडतं."

"तसंच हाय हे. दिवसा त्या रेघंवरनं ही विजेची हवा वर उचलली जाती आन् दोन्ही अंगाला लांब जाऊन उतरती. नोझल तिकडं कन्याकुमारीकडं, आन् भिजतोय आपण, हितनं पार गुजरातपातुर. म्हणून आपल्या डोक्यावर तो थर रोजच दाट. आता सूर्यानं एक गोळा फेकला, पृथ्वीचा चुंबक हादरला, म्हंजी मोटरचा दाब कमीजास्त व्हायला लागला. कुठं धो धो, कुठं कोरडं ठाक. उपग्रहाचा निरोप त्यातनंच खाली येतो. दाट थर लागला की निरोपाला उशीर. तुझ्या ड्रोनला काय ठावं? त्याला वाटतं, उशिरा आला म्हंजी लांबनं आला. मंग तो आपली जागाच चुकीची धरतो."

"आणि केंद्राची दुरुस्ती येते ती?"

"ते केंद्र असंल साठ-सत्तर किलोमीटरवर. त्याच्या डोक्यावरचं आन् तुझ्या डोक्यावरचं आभाळ रोज सारखंच असतं, म्हणून दुरुस्ती लागू पडती. आज न्हाय सारखं. त्यानं त्याच्या आभाळाचं औषध सांगितलं, ते तुझ्या आभाळाला लागलं न्हाय."

मी डोळे पुसले. म्हणजे अंगण खरोखरच वाकडं होतं. मला इतका आनंद झाला की मामांना पेढे द्यावेसे वाटले. ते पुढं सांगत होते, दोन-तीन दिवसांत निवळेल, आणि वादळ नसलं तरी दसऱ्याच्या आणि शिमग्याच्या आगंमागं दिवस मावळल्यावर उडवू नको, तेव्हा त्या थरात बुडबुडे उठतात आणि निरोप लुकलुकत येतो. मी ते कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. फोन ठेवताना ते म्हणाले, "पर एक इच्यारू? तू औषध का भरलं न्हाईस?"

"आबा कॅनवर बसले होते."

"त्यांना माझा नमस्कार सांग," मामा म्हणाले.

आनंद रात्रीपर्यंत टिकला. रविवारी बैठकीला निघाले तेव्हा मात्र ध्यानात आलं, की कारण कळलं म्हणून फवारणी झाली असं होत नाही. उडवून दाखवायचं होतं, ते मी दाखवलं नव्हतं. समाजमंदिरात सतरंजीवर आम्ही दहा जणी, आणि दाराशी खुर्ची टाकून भाऊजी. त्यांनी ठराव टाईप करून आणला होता. ड्रोन चालवण्याचे काम त्यांच्याकडं सोपवावे, चार ओळींत सगळं. सचिवबाईंच्या, म्हणजे त्यांच्याच बायकोच्या, पुढ्यात तो कागद ठेवला होता. तिनं कालपासून माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी आल्यावर तिनं मान वर केली नाही.

मी उभी राहून मामांचं नोझल सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील, पण बायका कान देऊन ऐकत होत्या. तुषारचं पाणी कुठं पडतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. फक्त त्या हौशी बाईंनी विचारलं, "म्हंजी माझ्या लिंबू-मिरचीनं न्हाय झालं?" मी नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की दारातले भाऊजीसुद्धा हसले.

मग ते म्हणाले, "हे समदं खरं धरू. पर शेतकऱ्याला फवारणी पायजे. आज सूर्य रुसला, उद्या चंद्र रुसंल. दर बारीला वैनी बॅटऱ्या काढून घरी जाणार का? ठराव वाचा."

एरवी मला उत्तर शोधावं लागत नाही. पण ते जे म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

जाऊबाईंनी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला, चारही ओळी, त्या मोत्यासारख्या अक्षराला शोभेल अशा स्वच्छ आवाजात. वाचून झाल्यावर तो घडी घालून नवऱ्याच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवला आणि जागेवर येऊन बसल्या.

"ह्यावर मला बोलायचंय," त्या म्हणाल्या. समाजमंदिरात त्यांचा स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला असेल. "काल मी घराकडं वळले तर मागनं ह्यांनी हातानं उडवतो म्हणलं. कॅन आणा म्हणलं. माझी तंबाटी शेजारी हाय, हे ह्यांच्या मनातबी आलं न्हाय. हिच्या मनात आलं. एवढी माणसं हसली, तरी हिनं उडवला न्हाय."

भाऊजी खुर्चीत सावरून बसले. त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे मला बरं वाटलं नाही.

"माझ्या तंबाटीवर करप्याच्या रोगाची फवारणी करायची हाय," त्या मला म्हणाल्या. "तूच कर, ताई. कधी करतीस?"

नऊ जणींसमोर, भाऊजींसमोर, उद्याच करते असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. "उद्या नाही जमायचं," मी म्हणाले. "आभाळ निवळलं नाही अजून. परवा बघते. परवा नाही जमलं तर तेरवा."

"बघ. तू म्हणशील तवाच."

मग त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहीत लिहीतच वाचलं: "ड्रोन कोणत्या दिवशी उडवायचा नाही, हे चालकबाई ठरवतील. त्यात कुणी बोलायचं नाही." पसंत असेल त्यांनी हात वर करा, असं म्हणाल्या. नऊ हात वर झाले. दहावा माझा होता आणि तो मला वर करता आला नाही, कारण मी दोन्ही हातांनी पदर डोळ्यांना धरला होता.